दोन दवाखान्यांत विभागलेला एक रोग

माणसाचे डोके फिरले म्हणजे त्याला कोठे धाडावयाचे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे गावांच्या नावांनी दिले जात असे. पुण्याकडे येरवड्याचे नाव निघे, मुंबईकर ठाणे म्हणत आणि उत्तर हिंदुस्थानात आग्र्याचे नाव घेतले की पुढे काही सांगावे लागत नसे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना ही सारी नावे परिचयाची. कारण त्यांची सोयरीक दक्षिणेत आणि शेजार हिंदीभाषी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपला तळ कायम केला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. या शहराने आपली मराठी टिकविली, गाणे टिकविले आणि काळाच्या ओघात दोन मोठ्या आरोग्यसंस्थाही उभ्या केल्या. जयारोग्य रुग्णालय १८९९ चे. त्याला १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. मनोरुग्णांसाठी संस्थानाच्या अमदानीतच, १९३५ मध्ये, वेगळे रुग्णालय निघाले; तेच पुढे ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाला या नावाने ओळखले जाऊ लागले.

अशा रीतीने शरीराने एका दाराशी जावे आणि मनाने दुसऱ्या, अशी वाटणी झाली. ही वाटणी ग्वाल्हेरने केली असे मात्र नव्हे. पॅरिस, प्राग, लंडन येथे ती आधीच झालेली होती आणि आपण ती विद्येबरोबर उचलली. बहुतेक रोग्यांचे तिने नुकसान केले नाही. परंतु एक रोग असा आहे की तो दोन्ही दारांत एकेक पाय ठेवून उभा असतो. त्याचे एक अंग वैद्यांनी १८६९ पासून पाहिले, दुसरे १८९२ पासून. आणि ही दोन्ही अंगे एकाच देहाची असू शकतात हे निर्विवाद ठरावयास २००६ साल उजाडावे लागले. पहिल्या अंगाचे नाव मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचा ऱ्हास. दुसऱ्याचे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या कपाळामागील व कानशिलाजवळील भागांचा ऱ्हास. नावे अवघड आहेत. रोग त्याहून अवघड आहे.

प्रथम पॅरिसची हकीकत पाहावी. साल्पेत्रिएर ही संस्था मुळात बंदुकीच्या दारूचे कोठार होती. पुढे तेथे निराधार, जर्जर व वेड्या स्त्रिया हजारोंच्या संख्येने ठेवल्या जाऊ लागल्या. झाँ मार्तँ शार्को हा गाड्या बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा येथे वैद्य म्हणून आला. त्याची पद्धत साधी होती. रोगी जिवंत असताना त्याचे वर्षानुवर्षे निरीक्षण करावयाचे आणि मृत्यूनंतर त्याचा मेंदू व मज्जारज्जू उघडून, बाहेर दिसलेल्या लक्षणांचे मूळ आत शोधावयाचे. १८६९ मध्ये त्याने व त्याचा सहकारी जोफ्रॉय याने अशा रोग्यांचे वर्णन केले की ज्यांचे हात सुकत, पाय ताठत, जीभ लुळी पडे आणि अखेर श्वास थांबे. १८७४ मध्ये शार्कोने त्याला जे लांबलचक नाव दिले, त्याची इंग्रजी आद्याक्षरे आजही वैद्यकात रूढ आहेत: ए. एल. एस.

या रोगात देह खचतो पण बुद्धी अखेरपर्यंत शाबूत राहते, हा समज पाठ्यपुस्तकांनी पक्का केला. पुढे प्रसिद्ध व्यक्तींच्या उदाहरणांनी तो लोकांतही रुजला. अमेरिकेतील बेसबॉलपटू लू गेरिग याला हा रोग १९३९ मध्ये असल्याचे ठरले आणि १९४१ मध्ये तो वारला. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान कळले आणि खुर्चीला खिळूनही ते २०१८ पर्यंत विश्वाचा विचार करीत राहिले. ही उदाहरणे खरी आहेत आणि अनेक रोग्यांना त्यांनी धीर दिला आहे. पण एखादी गोष्ट पुष्कळदा खरी असली की ती नेहमीच खरी असते असे धरून चालण्याची सवय विद्वानांनाही असते. ज्याची बुद्धी ढळली तो रोगी मग या रोगाचा नव्हेच, असे ठरवून त्याला बाजूस सारले जाई.

दुसरी हकीकत प्रागची. तेथील जर्मन विद्यापीठात अर्नोल्ड पिक हा मनोविकारांचा प्राध्यापक होता. १८९२ मध्ये त्याने एका एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाची बुद्धी हळूहळू मंदावली होती आणि वाणी तर फारच बिघडली होती. मृत्यूनंतर त्याचा मेंदू पाहता तो सर्वत्र सारखा आक्रसलेला नव्हता; डाव्या कानशिलाकडील भाग विशेष झिजलेला होता. त्या काळी म्हातारपणी मेंदू आक्रसणे म्हणजे वठलेल्या झाडाप्रमाणे सर्वांगाने सुकणे असे मानीत. पिकचे म्हणणे असे की ही झीज एखाद्या ठिकाणी अधिक होऊ शकते, आणि जेथे ती अधिक तेथले काम आधी बंद पडते. त्याने हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील विशिष्ट गोळे दाखविण्याचे काम १९११ मध्ये आलोइस अल्झायमरने केले. ज्याच्या नावाने दुसराच स्मृतिभ्रंश घरोघरी ओळखला जातो, त्याच्याच हातून पिकच्या रोगाचा पुरावा मिळावा, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग होय. १९२० नंतरच्या दशकात 'पिकचा रोग' हे नाव रूढ झाले.

या रोगाचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळणार नाही. अल्झायमरच्या रोगात सहसा स्मरणशक्ती प्रथम जाते. येथे स्मरणशक्ती प्रारंभी बरीच शाबूत असते आणि स्वभाव जातो. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला मनुष्य पैसे उधळू लागतो. मितभाषी मनुष्य परक्यांसमोर नको ते बोलतो. घरात कोणी आजारी पडले तरी याच्या चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. गोडाची विलक्षण ओढ लागते. ताटात वाढलेले संपेपर्यंतच काय, डब्यात असलेले संपेपर्यंत हात थांबत नाही. एकच फेरी, एकच वाक्य, एकच चाळा दिवसभर चालतो. आणि त्याला विचारावे तर तो म्हणतो, मला काहीएक झालेले नाही. तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव तो बिनचूक सांगतो, म्हणून वैद्यही पुष्कळदा घरच्यांनाच समजावून परत पाठवतो.

आपल्या भाषेत म्हातारचळ असा एक नेमका शब्द आहे, आणि साठी बुद्धी नाठी ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. या शब्दांत थट्टा असली तरी क्षमाही आहे. वय झाले, चालायचेच, असा त्यांचा भाव. पण हा रोग बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो. ज्याची नोकरी चालू आहे, मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, त्याला म्हातारचळ कोण म्हणणार? त्याला लोक बेशरम म्हणतात, बाहेरख्याली म्हणतात, दारूचा संशय घेतात. बायको माहेरी निघून जाते, वरिष्ठ चौकशी लावतात. सही मात्र त्याची पूर्वीसारखीच वळणदार असते, आणि त्या सहीने घर गहाण पडू शकते. या रोगाने किती संसार नुसत्या गैरसमजाने मोडले असतील त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही, कारण त्या प्रत्येक ठिकाणी रोगाच्या जागी दुर्वर्तन असे लिहिले गेले.

आता दोन्ही धागे जुळले कसे ते पाहावयाचे. जर्मनीत १९२० व १९३० च्या दशकांत काही वैद्यांनी पिकचा रोग आणि स्नायूंचा ऱ्हास एकाच रोग्यात असल्याचे लिहिले होते. ते निबंध अपवाद म्हणून कपाटात पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर अमेरिकन वैद्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. तेथील चामोरो लोकांत ए. एल. एस.चे प्रमाण इतर जगाच्या कित्येक पटींनी अधिक होते आणि त्याच कुटुंबांत कंप व बुद्धिभ्रंश यांचेही रोगी होते. बेटावरचे लोक या रोगाला आपल्या बोलीत लिटिको-बोडिग म्हणत. त्यातला लिटिको हा शब्द पक्षाघाताच्या स्पॅनिश शब्दावरून आलेला. ग्वामचा रोग पिकच्या रोगाहून निराळा आहे आणि त्याचे कारण अद्याप वादात आहे. पण स्नायू आणि बुद्धी यांना एकच व्याधी एकाच घरात धरू शकते, हे त्या बेटाने जगाच्या डोळ्यांपुढे आणले.

खरा धीर दाखविला तो जपानी वैद्यांनी. १९६४ मध्ये युआसा यांनी बुद्धिभ्रंशासह ए. एल. एस. झालेल्या रोग्यांचे वर्णन केले. १९७९ मध्ये मित्सुयामा यांनी एका सहकाऱ्यासह, हा एक स्वतंत्र रोगच नव्हे काय, असा प्रश्न इंग्रजीत जगापुढे मांडला. पाश्चात्त्यांनी तो ऐकला, पण जपानची काही खास गोष्ट असावी असे मानून. १९९० नंतर इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तसेच रोगी सापडल्यावर हा समज मावळला. १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड व मँचेस्टर येथील वैद्यांनी मिळून फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे निकष ठरविले. पुढच्या मोजणीत असे दिसले की या स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे पंधरांना पुढे स्नायूंचा ऱ्हास होतो, उलट ए. एल. एस.च्या शंभरांपैकी दहा ते पंधरांना पूर्ण स्मृतिभ्रंश, आणि जवळजवळ अर्ध्यांना विचार व वर्तन यांत काही ना काही फरक होतो. शार्कोच्या परंपरेचा नियम अर्ध्याच रोग्यांना लागू होता तर!

२००६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी या नात्याचे कारण पेशीच्या आत दाखविले. टी. डी. पी. ४३ नावाचे एक प्रथिन आहे. त्याचे स्थान पेशीच्या केंद्रकात, आणि काम तेथून निघणाऱ्या हुकुमांची नीट छाननी करण्याचे. या रोगात ते केंद्रक सोडून बाहेर येते व गोळा होऊन बसते. जणू कचेरीतला दप्तरदार आपली जागा सोडून व्हरांड्यात घोळका करून बसावा, म्हणजे आत काम तुंबते आणि बाहेर वाट अडते. ए. एल. एस.च्या जवळजवळ सर्व रोग्यांच्या मज्जारज्जूत आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या सुमारे निम्म्या रोग्यांच्या मेंदूत हेच गोळे सापडले. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी नवव्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष शोधून काढला. सहा अक्षरांचा एक तुकडा तेथे निरोगी माणसात थोडेच वेळा येतो. या रोग्यांत तो शेकडो, कधी हजारो वेळा आलेला असतो. त्यामुळे एकाच घरात एक भाऊ विक्षिप्त वागून मरतो, दुसरा लुळा पडून, आणि तिसऱ्याला दोन्ही भोगावे लागते. युरोपीय वंशाच्या लोकांत आनुवंशिक रोगाचे हे सर्वांत मोठे कारण ठरले आहे. आशियाई रोग्यांत ते बरेच कमी आढळते.

या शास्त्रीय वृत्तान्तात एक भाग व्याकरणाचा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी तो अवश्य पाहावा. केंब्रिज येथील टॉमस बाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की ज्यांना स्नायूंचा ऱ्हास व स्मृतिभ्रंश दोन्ही आहेत, त्यांची क्रियापदे नामांच्या मानाने अधिक बिघडतात. वस्तूंची नावे राहतात. करणे, ओढणे, फेकणे, चढणे हे शब्द निसटतात. हालचाल करविणारा आणि हालचालीचे शब्द सांभाळणारा असे मेंदूचे भाग शेजारी आहेत, हे याचे कारण असावे. मराठी वाक्याचा सारा भार अखेरच्या क्रियापदावर असतो. कर्ता पुरुष की स्त्री, एक की अनेक, काळ कोणता, हे सर्व तेथे कळते. ते निखळले की वाक्य उंबरठ्यावर अडखळल्यासारखे राहते. याच रोगाचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात उलट नामांचे अर्थच पुसले जातात. रोगी अस्खलित बोलत असतो, मध्येच विचारतो, चमचा म्हणजे काय? चमच्याचा उच्चार तो अचूक करतो, त्याचा अर्थ मात्र हरवलेला असतो. जपानात इमुरा यांनी १९४३ मध्येच याला शब्दार्थाचा वाग्भ्रंश अशा अर्थाचे नाव दिले होते.

हिंदुस्थानातील कामगिरी थोडी पण महत्त्वाची आहे. १९७० मध्ये मद्रासच्या वैद्यांनी तरुणांना होणाऱ्या एका निराळ्या मोटर न्यूरॉन रोगाचे वर्णन केले. त्यात बहिरेपणही असते. तो आज जगाच्या पाठ्यपुस्तकांत मद्रासच्या नावाने आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंचा संग्रह आहे. हे ऐकून अंगावर शहारे येतील, पण शार्कोपासून फिलाडेल्फियापर्यंतचे सर्व ज्ञान मृतांच्या आप्तांनी दिलेल्या अनुमतीवर उभे राहिले आहे. तिसरी कामगिरी हैदराबादची, आणि ग्वाल्हेरकरांना ती विशेष जवळची वाटावी. निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश-रोग्यांची पाहणी केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वर उल्लेखिलेले बाक हेही त्या निबंधाचे एक लेखक होते. ज्यांना दोन वा अधिक भाषा बोलण्याची सवय होती, त्यांना रोग सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडला होता. अशिक्षितांतही हा फरक दिसला, तेव्हा तो शाळेचा परिणाम म्हणता येईना. २०१७ च्या पुढील निबंधात आणखी बारकावा आला: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या वर्तन बिघडविणाऱ्या प्रकारात हा लाभ दिसतो, वाणी हिरावणाऱ्या प्रकारांत दिसत नाही.

घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी असे जगणाऱ्या लष्करच्या कुटुंबांनी दोनशे वर्षे जो खटाटोप केला, तो केवळ अभिमानासाठी होता असे पुष्कळांना वाटे. त्यात एवढा लाभ दडलेला असेल याची कल्पना कोणाला असणार? अर्थात ग्वाल्हेरात अशी मोजणी झालेली नाही, आणि हैदराबादचा आकडा जसाच्या तसा येथे लावणे शास्त्राला धरून होणार नाही.

आता पुन्हा त्या दोन दारांकडे वळावे. समजा, १९५० मध्ये लष्करातील एखादा पन्नाशीचा गृहस्थ या जोड-व्याधीने ग्रस्त झाला. त्याचे वर्तन आधी बिघडले तर त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली असती, आणि तेथे त्याचे सुकत चाललेले हात अशक्तपणाच्या सदरात गेले असते. हात आधी सुकले असते तर तो जयारोग्यमध्ये पोहोचला असता, आणि तेथे त्याचे हसणे-ओरडणे दुखण्याने आलेला चिडखोरपणा ठरले असते. त्या काळच्या वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही; लंडनमध्येही याहून निराळे घडले नसते. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ च्या कायद्याची भाषा वेड्यांना कोंडून समाजाचे रक्षण करण्याची होती. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत तीच स्वतंत्र भारतातही चालली. कोंडलेल्यांची स्थिती इतकी खालावली की ११ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख करण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. आयोगाने १९९९ मध्ये देशातील मनोरुग्णालयांविषयी जो अहवाल काढला, त्यात अनेक ठिकाणच्या तुरुंगवजा भिंतींचा आणि कोठड्यांचा स्पष्ट निर्देश आहे. ग्वाल्हेरचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात गाण्यासाठी वा किल्ल्यासाठी न जाता यासाठी जावे, ही गोष्ट शहराला भूषणावह खासच नव्हती.

२०१७ च्या कायद्याने रोग्याचे हक्क लिहून दिले. पुढे आपली समज राहिली नाही तर आपली शुश्रूषा कशी व्हावी, कोणी आपल्यासाठी निर्णय घ्यावा, हे शहाण्या मनाने आधीच लिहून ठेवण्याची सोय त्यात आहे. अल्झायमरच्या रोग्याला प्रारंभी निदान आपले विसरणे कळते आणि तो असा कागद करू शकतो. या रोगात स्वतःविषयीची जाणीवच आधी जाते. म्हणून कागद व्हावयाचा तर लक्षणांच्या अगदी पहिल्या पायरीवर, आणि त्यासाठी घरच्यांना हे दुर्वर्तन नसून रोग असू शकेल अशी शंका तरी यावयास हवी. २०२३ मध्ये अमेरिकन नट ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांचा हा रोग जाहीर केल्यावर पुष्कळांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले.

रोग हटविणारे औषध नाही. रिलुझोल हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले, ते ए. एल. एस.च्या रोग्याचे आयुष्य काही महिन्यांनी वाढविते. दोन्ही व्याधी एकत्र आल्या तर लक्षणे सुरू झाल्यापासून दोन-तीन वर्षेच बहुधा हाती असतात. या वर्षांत शुश्रूषा करणाऱ्याने एक गोष्ट जाणावी लागते. स्मृतिभ्रंशामुळे रोग्याची खा-खा वाढलेली असते, तो घास न चावता कोंबतो. आणि त्याच वेळी गिळण्याचे स्नायू दुबळे होत असतात. त्याला धोक्याची जाणीव नसते. घशात घास अडकून वा अन्न श्वासनलिकेत जाऊन असे रोगी दगावतात. जेवणाजवळ कोणी बसले पाहिजे, घास लहान व मऊ हवे, डबे नजरेआड हवेत. पाणी पिताना ठसका लागू लागला, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे फसू लागली, जीभ वळवळताना दिसली, तर विक्षिप्त वागणाऱ्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाप्रमाणेच मज्जाविकारतज्ज्ञाकडेही दाखविले पाहिजे.

परीक्षेच्या भाषेचा प्रश्न मात्र उरतोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशी भाषांतून बुद्धीची चाचणी तयार करविली; तिची पहिली आवृत्ती, जिचा वृत्तान्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत होती. त्या पाचांत मराठी नव्हती. ग्वाल्हेरचा मराठी वृद्ध हिंदी उत्तम बोलतो, म्हणून हिंदी चाचणीने काम भागेल असे वाटते. पण चमचा दोन्ही भाषांत चमचाच. पळी, झारा, उलथने ही नावे त्याने आईच्या चुलीपाशी शिकलेली असतात. ती गेली आहेत की राहिली आहेत, हे हिंदीतून विचारणाऱ्याला कळावयाचे नाही. तेवढ्यापुरते घरचे कोणीतरी मराठी माणूस परीक्षकाच्या शेजारी बसवावे लागते.